हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यापासून भावाचे अंग ताठर झाले आहे: संशोधन काय सांगते?

केळीबाग (रावेर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याला आवाज ऐकू येऊ लागले, शेजारचे लोक आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटू लागले आणि रात्र रात्र तो शिवारात एकटा फिरू लागला. जळगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान करून हॅलोपेरिडॉल आणि सोबत पॅसिटेन (ताठरपणा आणि कंप येऊ नये म्हणून दिली जाणारी गोळी) सुरू केले. पाच-सहा आठवड्यांत आवाज थांबले, झोप परत आली आणि तो पुन्हा आमच्यात बसून जेवू लागला. त्या औषधाबद्दल आमच्या घरात कृतज्ञताच आहे, हे आधी सांगतो, म्हणजे माझा प्रश्न तक्रारीच्या सुरात वाचला जाणार नाही.

परंतु तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे अंग धरल्यासारखे झाले आहे. चालताना हात हलत नाहीत, दोन्ही बाजूंना नुसते लटकलेले असतात. खाटेवरून उठायला वेळ लागतो. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात. सकाळी उशी लाळेने ओली असते आणि चेहऱ्यावर हसू उमटत नाही. आई म्हणते, "आंग लाकडाना मायक व्हई गयं" (अंग लाकडासारखे झाले). वडील त्याला अशक्तपणा समजून दूध-तूप वाढवत आहेत आणि रोज तेलाने मालिश करून घेत आहेत.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते आमच्या केळीकापणीच्या वहीने. गाडीचा नंबर, घडांचे वजन आणि क्विंटलचा भाव या नोंदी तीन वर्षांपासून तोच लिहितो. त्याचे अक्षर ठसठशीत होते. आता ओळ सुरू होताना अक्षर बरे असते आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ते इतके बारीक होते की वजनाचा आकडा मला भिंग लावून वाचावा लागतो.

पुढच्या तपासणीला अजून १५ दिवस आहेत. त्याआधी मला समजून घ्यायचे आहे की हा ताठरपणा आजाराचा आहे की औषधाचा. त्यात स्नायू खराब होतात का आणि तो कायमचा राहतो का. पॅसिटेन चालू असूनही हे का झाले? आमचे मामा म्हणतात की इंग्रजी गोळ्या बंद करून सर्पगंधेचे चूर्ण द्यावे. त्यांना काय उत्तर द्यावे, हेही मला कळत नाही.

औषधशास्त्र (धुळे)

मी औषधशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. म्हणून आपल्या भावाच्या डोसबद्दल मी काही सांगणार नाही. तो निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. संशोधनाबद्दल मात्र जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो, आणि सुरुवात आपल्या वहीपासूनच करतो, कारण या विषयातील एक जुने आणि महत्त्वाचे काम नेमके हस्ताक्षरावर झाले आहे.

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीतील मानसोपचारतज्ज्ञ हान्स-योआखिम हासे यांच्या लक्षात आले की ही औषधे घेणाऱ्या रुग्णांचे अक्षर डोस वाढत जाईल तसे आखडते आणि बारीक होते. ते रुग्णांकडून ठरावीक मजकूर वारंवार लिहून घेत आणि अक्षर जिथे प्रथम आकसू लागे त्या डोसला त्या रुग्णाचा उंबरठा मानत. त्यांचे म्हणणे असे होते की औषधाचा मानसिक लाभ या उंबरठ्यावरच मिळू लागतो आणि त्यापुढे हातापायांत उघड ताठरपणा येईपर्यंत डोस वाढवून अधिक काही साधत नाही. ही कल्पना बरीच वर्षे मागे पडली होती. १९९१ मध्ये अमेरिकेत मॅकएव्हॉय आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांवर ती तपासली, तेव्हा हॅलोपेरिडॉलचा उंबरठ्याचा डोस सरासरी दिवसाला ३.७ मिलिग्रॅम इतका कमी निघाला आणि त्याहून बराच मोठा डोस दिलेल्यांचे भास-भ्रम काही अधिक कमी झाले नाहीत. शारीरिक त्रास मात्र वाढला. ती वही पुढच्या तपासणीला अवश्य सोबत न्या. जुने पान आणि नवे पान शेजारी ठेवून दाखवले तर डॉक्टरांना घरच्यांच्या वर्णनापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

हे का घडते ते आता पाहू. हालचाल सुरळीत होण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांना (चेतापेशींच्या पुंजक्यांना) डोपामिन हे रसायन लागते. हॅलोपेरिडॉल आणि त्याच्या जातीची औषधे डोपामिनचे डी-२ नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील डोपामिनचा निरोप घेणाऱ्या जागा, अडवतात. मेंदूच्या एका भागात ते अडवल्याने भास शमतात, परंतु गोळीला भाग निवडता येत नाही. हालचालीच्या केंद्रकांतही तेच रिसेप्टर अडवले जातात. मग हालचालीला आवर घालणारा मार्ग गरजेपेक्षा जास्त चालू राहतो, ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचा जोर वाढतो आणि पार्किन्सनच्या आजारासारखे चित्र तयार होते: ताठरपणा, मंदपणा, कंप, लाळ आणि निर्विकार चेहरा.

किती रिसेप्टर अडवले गेले तर काय होते, हे १९८० च्या दशकापासून पेट (PET) नावाच्या स्कॅनने जिवंत माणसाच्या मेंदूत मोजता येऊ लागले. स्टॉकहोममध्ये फार्डे यांनी त्याची सुरुवात केली. पुढे २००० मध्ये टोरांटोमध्ये शितिज कपूर यांच्या गटाने आजाराचा पहिलाच झटका आलेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉलचे अगदी छोटे डोस देऊन मोजणी केली. सुमारे ६५ टक्के रिसेप्टर अडवले गेले की आजारावर गुण येण्याची शक्यता वाढते आणि ७८ टक्क्यांच्या पुढे गेले की ताठरपणासारख्या त्रासाची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. आपल्या सगळ्या प्रश्नाचे मूळ या दोन आकड्यांमधील चिंचोळ्या जागेत आहे. हॅलोपेरिडॉलच्या बाबतीत ती जागा दोन-तीन मिलिग्रॅमच्या फरकानेही ओलांडली जाऊ शकते आणि प्रत्येक माणसाचे शरीर औषध वेगळ्या वेगाने पचवते, त्यामुळे एकाला सोसणारा डोस दुसऱ्याला ताठर करतो.

औषधाचा गुण आणि ताठरपणा एकमेकांना जोडलेलेच आहेत, असा समज एक पिढीभर होता. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये देले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा मानसिक आजारावर उपयोग दाखवला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५४ मध्ये, स्वित्झर्लंडमधील लोझानचे हान्स श्टेक यांनी त्या औषधाने रुग्णांना पार्किन्सनसारखी लक्षणे येत असल्याचे नोंदवले. अंग आखडले म्हणजे औषध लागू पडले, असे कित्येक डॉक्टर त्या काळी मानत. क्लोझापिन या दुसऱ्या औषधाने हा समज मोडला, कारण त्याने ताठरपणा जवळजवळ येत नाही आणि तरीही, १९८८ मध्ये केन आणि सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही ते लागू पडते. त्यात पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात आणि नियमित रक्ततपासणी लागते, म्हणून ते पहिल्या फेरीत दिले जात नाही.

मामांच्या सर्पगंधेबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. त्यांचे म्हणणे निराधार नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेचा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले होते. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि काही वर्षे जगभर ते मानसिक आजारांवर दिले गेले. परंतु श्टेक यांनी ज्या रुग्णांत ताठरपणा पाहिला, त्यांतले काही रेसर्पिनवरच होते. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते हालचाल थांबवून निपचित बसले, आणि डोपामिनचा पूर्वघटक असलेले लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हालू लागले. डोपामिनचा हालचालीशी असलेला संबंध या प्रयोगांतूनच उलगडत गेला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. हॅलोपेरिडॉल डोपामिनचे दार अडवते, तर सर्पगंधा डोपामिनचा साठाच रिकामा करते. दोन्ही एकत्र दिल्यास ताठरपणा वाढेल, रक्तदाब उतरेल आणि मन खिन्न होण्याचा धोकाही आहे. मामांना हे आदराने, पण स्पष्ट सांगा.

आजार की औषध, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. चेन्नई परिसरात मॅकक्रीडी, थारा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण तपासले गेले ज्यांना आयुष्यात कधीच औषध मिळाले नव्हते. त्यांच्यापैकी २४ टक्क्यांत पार्किन्सनसारखी लक्षणे होती. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के आणि निरोगी लोकांत ६ टक्के होते. म्हणजे आजार स्वतःही हालचालींवर काही प्रमाणात परिणाम करतो आणि औषध त्यात भर घालते. आपल्या भावाच्या बाबतीत मात्र आधी ठसठशीत असलेले अक्षर औषधानंतर तिसऱ्या आठवड्यात आकसले आहे. औषधजन्य पार्किन्सनची बहुसंख्य प्रकरणे पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागतात, त्यामुळे संशय औषधाकडे जाणे स्वाभाविक आहे.

स्नायू खराब होत नाहीत. पोलंडमध्ये क्राकोव येथील लोरेन्स-कोची, वोल्फार्थ आणि ओसोव्स्का यांनी उंदरांचा मागचा पाय यंत्राने घोट्यात वाकवून तो किती विरोध करतो हे मोजले आणि त्याच वेळी स्नायूंतील विद्युतक्रियाही नोंदवली. हॅलोपेरिडॉल दिल्यावर विरोध वाढला आणि त्याबरोबर स्नायू ताणला गेल्यानंतर जरा उशिराने येणारा, वरच्या केंद्रांतून फिरून येणारा प्रतिसादही वाढला. स्नायू धडधाकटच असतो, त्याला सैल होण्याचा निरोप पोहोचत नाही. म्हणूनच दूध-तूप आणि मालिशने ही गोष्ट सुटत नाही. मालिशने बरे वाटत असेल तर ती जरूर चालू ठेवा.

पॅसिटेन म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल ॲसिटिलकोलिनचा जोर कमी करते. तिने कंप आणि ताठरपणा बराच उतरतो, मंदपणा तितकासा उतरत नाही, आणि रिसेप्टर प्रमाणाबाहेर अडवलेले असतील तर ती अपुरी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या सहमती-निवेदनाने ही गोळी प्रतिबंधक म्हणून सरसकट आणि दीर्घकाळ देऊ नये असे सांगितले आहे, कारण तिने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो. आपल्याकडे मात्र ती पहिल्या दिवसापासून लिहिली जाते आणि वर्षानुवर्षे कोणी तिचा फेरविचार करत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

राहिला कायमस्वरूपाचा प्रश्न. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुतेकांचा ताठरपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ओसरतो. काहींचा टिकतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांत आतमध्ये खरा पार्किन्सन आधीपासून दडलेला असतो. ती शक्यता प्रामुख्याने उतारवयातील रुग्णांची असते, २६ वर्षांच्या तरुणाची क्वचितच.

आई (अमळनेर)

मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझ्या मुलीला हा आजार होऊन ११ वर्षे झाली. धुळ्याच्या सरांनी लिहिले आहे ते मी अनुभवातून उशिरा शिकले, म्हणून दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मुलीला पहिले इंजेक्शन दिल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली आणि तशीच राहिली, डोळे वर चढले, जीभ जड झाली. घरात रडारड झाली. शेजारच्या आजींनी बाहेरची बाधा सांगितली आणि आम्ही तिला गाडीत घालून भगताकडे नेले. तिथे दोन तास गेले. परतताना वाटेत एका ओळखीच्या परिचारिकेच्या घरी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तिने मुलीकडे एकदा पाहून आम्हाला थेट दवाखान्यात पाठवले. तिथे फेनरगनचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात मान सरळ झाली. ते दोन तास मी अजून विसरलेले नाही. ज्या दवाखान्यात पहिले इंजेक्शन दिले गेले, तिथे कोणीही एका वाक्याने सांगितले असते की पहिल्या चार-पाच दिवसांत असे होऊ शकते आणि त्यावर लगेच उपाय आहे, तर माझी मुलगी त्या अंगाऱ्या-धुपाऱ्यात तशी तडफडत बसली नसती.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. पुढे काही महिन्यांनी तिला आपल्या भावासारखाच ताठरपणा आला. तिने गोळ्या नको म्हटले आणि मलाही तिच्याकडे पाहवत नव्हते, म्हणून डॉक्टरांना न विचारता आम्ही सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. पंधरा दिवसांत तिचे अंग मोकळे झाले, ती हसू लागली, आणि आम्ही गावभर सांगत सुटलो की मुलगी बरी झाली. तिसऱ्या महिन्यात आजार पहिल्यापेक्षा जोराने उलटला आणि तिला दाखल करावे लागले. अंग मोकळे झाल्याचा आनंद खरा होता, पण तो आजार गेल्याचा पुरावा नव्हता, हे तेव्हा समजले नाही. आपल्या घरी कोणी गोळ्या बंद करण्याचा आग्रह धरला तर त्यांना माझे हे लिहिणे वाचून दाखवा.

आज ती दुसऱ्या औषधावर आहे. अंग ताठ होत नाही, परंतु वजन १४ किलो वाढले आहे आणि साखर दर तीन महिन्यांनी तपासावी लागते. तिला विचारले तर ती म्हणते की वजन चालेल, पण ते लाकूडपण पुन्हा नको. तिचे हे मत डॉक्टरांनी ऐकून घेतले, याचे मला फार समाधान आहे.

औषधशास्त्र (धुळे)

ताई, आपण लिहिलेत ते माझ्या आकड्यांहून मोलाचे आहे. त्याला जोड म्हणून एवढेच सांगतो की २०१२ मध्ये लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आणि औषध थांबवून नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला होता. त्याच गटाने २०१३ मध्ये १५ औषधांची तुलना केली आणि हालचालींच्या त्रासात क्लोझापिन सर्वांत खाली, तर हॅलोपेरिडॉल सर्वांत वर आले. नवी औषधे सर्वच बाबतींत सरस आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नये. आपल्या मुलीचे वजन हेच त्याचे उत्तर आहे.

सातपुडा (चोपडा)

आमच्याकडे खाजकुइलीच्या बिया शुद्ध करून कंपवातासाठी देतात. त्यांत डोपामिन वाढवणारे द्रव्य असते असे वाचले आहे. मग या मुलाला त्या दिल्या तर ताठरपणा नैसर्गिकरीत्या कमी होणार नाही का?

औषधशास्त्र (धुळे)

आपण वाचलेले बरोबर आहे. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असते, आणि पार्किन्सनच्या आजारात ते उपयोगी आहे. परंतु या मुलाच्या मेंदूत डोपामिन कमी पडलेले नाही, ते जिथे पोहोचायला हवे ती जागा औषधाने व्यापलेली आहे. त्यामुळे ताठरपणावर फारसा उपयोग होणार नाही, आणि जास्तीचे डोपामिन भास-भ्रम परत आणू शकते. औषधजन्य ताठरपणात डॉक्टर लेव्होडोपा देण्याचे टाळतात ते याच कारणाने. कृपया हा प्रयोग करू नये.

फिजिओ (भुसावळ)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघाताचे, पार्किन्सनचे आणि अधूनमधून या औषधांवरचे रुग्णही माझ्याकडे येतात, कारण घरचे लोक त्यांना "नस आखडली" म्हणून घेऊन येतात. ताठरपणा हा शब्द आपण तिन्हींसाठी वापरतो, पण हाताला तो वेगवेगळा लागतो, आणि हा फरक नातेवाइकांनाही समजू शकतो असे मला वाटते.

पक्षाघातानंतरचा हात झटकन उघडायला गेलो तर अडतो आणि सावकाश उघडला तर बराच सैल लागतो. औषधाने ताठरलेला हात सावकाश हलवा किंवा वेगाने हलवा, वाकवा किंवा सरळ करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध करतो. वैद्यकात त्याला शिशाची नळी वाकवल्याची उपमा देतात. त्यात कंप मिसळलेला असेल तर दातेरी चाक फिरावे तसे थांबत-थांबत झटके लागतात. सौम्य ताठरपणा पकडायचा असेल तर आम्ही रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघड-बंद करायला सांगतो, तेव्हा तपासत असलेल्या मनगटातला दडलेला विरोध प्रकट होतो. आणि खऱ्या अशक्तपणात जोर कमी असतो. या मुलाला आपले बोट घट्ट धरायला सांगितले तर तो व्यवस्थित धरील.

ताठरपणा मोजण्यासाठी सिम्पसन आणि अँगस यांनी १९७० मध्ये तयार केलेली मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्यात दहा गोष्टी तपासतात आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण देतात: चाल, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून सोडलेले हात कसे खाली पडतात, खांदा, कोपर, मनगट, लोंबकळत्या पायाचे झुलणे, मान, कपाळावर बोट वाजवल्यावर पापण्यांची हालचाल, कंप आणि लाळ. हात सोडण्याची परीक्षा मला विशेष आवडते. निरोगी माणसाचे हात मोकळे खाली पडून मांडीवर आपटल्याचा आवाज येतो; ताठरलेल्या माणसाचे हात पाण्यातून उतरावेत तसे हळूहळू खाली येतात. या मोजपट्टीवर एक रास्त आक्षेपही घेतला जातो: तिचा बहुतेक भर ताठरपणावर आहे आणि मंदपणाला तिच्यात फारच थोडी जागा आहे, त्यामुळे ज्याचे सांधे सैल आहेत पण जो दिवसभर मंदपणे बसून राहतो, असा रुग्ण तिच्यातून सुटू शकतो.

संपूर्ण तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढी मिनिटे मिळणे कठीण असते, हे मी जाणतो. तरीही पुढच्या वेळी आपण डॉक्टरांना "एकदा त्याचे कोपर आणि मनगट हलवून पाहता का?" असे नम्रपणे विचारावे. अस्वस्थतेमुळे एका जागी बसवत नसेल, पाय सारखे हलत असतील, तर तेही वेगळे सांगावे. तो या औषधांचाच दुसरा त्रास आहे आणि त्याला कित्येकदा आजार बळावला असे समजून डोस वाढवला जातो.

परिचारिका (नंदुरबार)

वरील चर्चेत एक धोका आला नाही आणि उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून लिहिते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ही औषधे शरीराची तापमान सांभाळण्याची शक्ती कमी करतात आणि पॅसिटेन घाम कमी करते, त्यामुळे अशा रुग्णाला ऊन इतरांपेक्षा लवकर बाधते. केळीच्या बागेत काम करणाऱ्या मुलाला दुपारचे काम देऊ नका, पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत वेळेवर द्या.

याच संदर्भात आणखी एक दुर्मीळ पण प्राणघातक अवस्था माहीत असावी. या औषधांवर असलेल्या रुग्णाला अचानक तीव्र ताप आला, अंग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ताठ झाले, तो गोंधळल्यासारखे बोलू लागला, घामाने भिजला, नाडी आणि रक्तदाब वरखाली होऊ लागले, तर ती न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची लक्षणे असू शकतात. यात स्नायूंचे तंतू खरोखर तुटू लागतात, रक्तातील सीपीके (स्नायूंतून रक्तात उतरणारे विकर) वाढते, लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. नेहमीच्या ताठरपणात पुढच्या तारखेपर्यंत थांबता येते; इथे एक तासही थांबू नये. पुढची गोळी न देता रुग्णाला लगेच अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि तो कोणते औषध घेतो हे तिथे पोहोचताच सांगावे, कारण नाही सांगितले तर मेंदूज्वर किंवा उष्माघात समजून वेळ जातो. शरीरातील पाणी कमी झालेले असणे हे या अवस्थेला आमंत्रण देणारे एक कारण आहे.

आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला पूर्ण दिवस जातो. ज्यांना तपासणीची तारीख लांब आहे त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलून घ्यावे. तिथे मराठीत बोलता येते.

शहादेकर

माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना कोणताही मानसिक आजार नाही, तरी त्यांचीही चाल अशीच झाली आहे. हात हलत नाहीत आणि पाऊल घासत पडते. ते दोन वर्षांपासून पित्तासाठी एक कॅप्सूल रोज घेतात. वरील वाचून ती तपासली, तर तिच्यात लेव्होसल्पिराइड लिहिलेले आहे. याचा काही संबंध असू शकतो का?

औषधशास्त्र (धुळे)

निश्चितच असू शकतो. लेव्होसल्पिराइड पोटाच्या गोळीत मिसळलेले असले तरी ते डी-२ रिसेप्टरच अडवते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करीवरची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांच्यामुळेही हेच घडते, आणि वयस्कर माणसांत अधिक. ती कॅप्सूल वेष्टनासह मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. औषधजन्य प्रकार आणि खरा पार्किन्सन यांत शंका राहिली तर मोठ्या शहरांत ट्रोडॅट नावाचा स्कॅन होतो. खऱ्या पार्किन्सनमध्ये तो बिघडलेला दिसतो आणि निव्वळ औषधजन्य प्रकारात सहसा प्राकृत असतो.

केळीबाग (रावेर तालुका)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याचे ऋण मानतो. आज दोन महिन्यांनंतर, काय झाले ते कळवतो.

तपासणीला वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पाने पाहिली, मग भावाचे दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून सोडले. ते भुसावळच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे हळूहळू खाली आले. कोपर आणि मनगटही तपासले. ताठरपणा औषधाचा असल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. सुरुवातीला प्रकृती गंभीर होती म्हणून डोस मोठा ठेवला होता, असे सांगून त्यांनी तो पाच आठवड्यांत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणला. भास परतले तर दुसऱ्या औषधावर न्यायचे ठरले आहे. अजून परतलेले नाहीत. पॅसिटेन सध्या चालू आहे, पुढच्या तपासणीत तिचा विचार करणार आहेत. अमळनेरच्या आईंचे पत्र मी मामांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि त्यानंतर सर्पगंधेचा विषय त्यांनी काढलेला नाही.

चालताना त्याचा उजवा हात आता हलतो, डावा अजून पुरता हलत नाही. उशी कोरडी असते. दुपारी ११ ते ५ आम्ही त्याला बागेत जाऊ देत नाही, त्यामुळे कापणीच्या दिवशी तो पहाटेच गाडीजवळ वही घेऊन उभा असतो. परवाच्या पानावर शेवटच्या रकान्यातला वजनाचा आकडा मला भिंगाशिवाय वाचता आला, मात्र पान भरत येते तसे खालच्या चार-पाच ओळींचे अक्षर अजूनही बारीक होते. ते पान मी पुढच्या तपासणीसाठी दुमडून ठेवले आहे.